वंशाचा दिवा

दिवाळी जवळ आली की घरोघर काही कामे हमखास निघतात. भिंतींना रंग, दाराला तोरण, आणि त्याबरोबर दारावरची पाटी स्वच्छ पुसणे. आमच्या पनवेलच्या जुन्या आळ्यांतून या दिवसांत फेरफटका मारला, तर या पाट्या वाचण्यासारख्या असतात. देशमुख, इनामदार, सरदेसाई, पाटील, कुलकर्णी, पोतनीस. वाचता वाचता ध्यानात येते की, ही मुळात नावे नव्हतच. हे हुद्दे आहेत. कोणा एका पूर्वजाला कोणा एका राजाने काम सांगितले, कामाबरोबर मान दिला, मानाबरोबर जमिनीचा तुकडा दिला. पुढे काम गेले, जमीन गेली, राजाही गेला. पाटी तेवढी राहिली!

आता घर वाटता येते, शेत वाटता येते, आजीच्या पाटल्यासुद्धा दोन सुनांत वाटता येतात. पण मान कसा वाटायचा? तो एकाकडेच जायचा. मग थोरल्याकडे की कर्तबगाराकडे? आणि पोटी मुलगाच नसला तर? दिवाळीच्या या पानात, वाचकहो, मी आपल्याला दोन घरांची हकीगत सांगणार आहे. एक घर आमच्या शेजारचे, अलिबाग-कुलाब्याच्या आंग्र्यांचे. दुसरे सातासमुद्रापलीकडचे, स्कॉटलंडातल्या डलहौसीच्या अर्लांचे. दोन्ही घरांत एकदा ना एकदा वंशाचा दिवा विझला. पण एका घरात पाटी खाली उतरली, आणि दुसऱ्या घरात ती जागची हललीदेखील नाही. असे का झाले, हे पाहण्यासारखे आहे.

आंग्र्यांना शेजारी म्हणतो, कारण पनवेलहून कर्नाळ्याच्या पायथ्याने पेण गाठले की पुढे अलिबाग फार दूर नाही. पनवेल तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. १८८३ साली तो कुलाबा जिल्ह्यात आला, आणि १९८१ साली त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे आम्हा पनवेलकरांच्या कागदोपत्री ‘जिल्हा कुलाबा’ असे लिहिले जात असे. मुंबईच्या पाहुण्याला वाटे, हे कुलाबा म्हणजे त्याचे, ट्रामच्या टोकाचे. नव्हे! हे कुलाबा म्हणजे अलिबागच्या समुद्रातला किल्ला, आंग्र्यांच्या राजधानीचा.

कान्होजी आंग्र्यांचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून आंग्रे झाले. छत्रपती राजारामांच्या धामधुमीच्या काळात कोकणचा किनारा या घराण्याने सांभाळला, आणि सिधोजी गुजरांच्या मागून आरमाराची मुखत्यारी कान्होजींकडे आली. तिच्याबरोबर ‘सरखेल’ हा किताब आला. शब्द फारसी. मुळात त्याचा अर्थ जमिनीवरच्या जथ्याचा म्होरक्या. पण आंग्र्यांच्या घरात येताच तो शब्द पाण्यावर तरंगू लागला, आणि मराठीत सरखेल म्हणजे आरमाराचा धनी हाच अर्थ कायम झाला. माणूस किताबाला मोठेपणा देतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

पुढे शाहू महाराज आणि ताराबाई यांच्या तंट्यात कान्होजी ताराबाईंच्या बाजूला होते. शाहूंनी आपले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवले, तर कान्होजींनी पेशव्यालाच कैद केले! अखेर बाळाजी विश्वनाथ मध्ये पडला. १७१३-१४ च्या त्या समेटात कान्होजींनी शाहूंना धनी मानले, आणि शाहूंनी दहा किल्ले, सोळा लहान ठाणी आणि सरखेली कान्होजींकडे कायम केली. इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी या तिघांनाही पुरून उरलेला हा पुरुष १७२९ साली वारला.

इथवर किताबाची गोष्ट सरळ आहे. वाकडी होते ती वारशापाशी. कान्होजींच्या मागे थोरला सेखोजी सरखेल झाला, पण चार वर्षांत, १७३३ साली, तो गेला. उरलेल्या भावांत संभाजी आणि मानाजी यांचे जमेना. संभाजी म्हणे सरखेली माझी. मानाजी कुलाबा सोडीना. भावाविरुद्ध मदत मिळावी म्हणून मानाजीने पेशव्याची पाठ धरली. पेशव्यांनीही ती फुकट दिली नाही. राजमाची आणि कोथळीगड हे दोन किल्ले त्यांच्या पदरात पडले. १७३५ साली बाजीरावाने तोड काढली. संभाजीकडे सरखेली आणि दक्षिणेकडचा किनारा. मानाजीकडे कुलाबा आणि ‘वजारतमआब’ असा नवा, भारदस्त किताब. म्हणजे वाटता येत नाही ती वस्तूही वाटली गेली. एका आरमाराची दोन आरमारे झाली. संभाजी १७४२ साली वारला, सरखेली तुळाजीकडे गेली, आणि त्या तुळाजीचे आरमार बुडवायला इंग्रजांच्या बरोबरीने पेशवेच उभे राहिले. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गासमोर आंग्र्यांची गलबते जळाली. तुळाजी उरलेला जन्म कैदेत राहिला. पाहुण्यांनी घर लुटले हे खरे. पण दाराची कडी भाऊबंदकीने आधीच काढून ठेवली होती, हेही लपवण्यात अर्थ नाही.

आता थोडे स्कॉटलंडात जाऊ. तिथला कायदा याबाबतीत कठोर. किताब थोरल्या मुलाला. धाकट्यांना फार तर नावामागे एखादे आदरार्थी विशेषण. थोरला लॉर्ड, बाकीच्यांनी आपापले पोट पाहावे. पलटणीत जा, चर्चमध्ये जा, नाही तर कंपनी सरकारची चाकरी धरून हिंदुस्थानचे जहाज पकडा. भावाभावांत तलवारी निघत नाहीत, पण धाकटे घरातून निघतात! एलफिन्स्टन घराण्यात १५१० सालापासून लॉर्ड हा किताब चालत आलेला. त्या घरच्या अकराव्या लॉर्डचा चौथा मुलगा माउंटस्टुअर्ट. किताब मिळण्याची आशा नाही, म्हणून कोवळ्या वयात कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला उतरला. पुढे पुण्याचा रेसिडेंट झाला, पेशवाई बुडताना समोर होता, आणि १८१९ साली मुंबईचा गव्हर्नर झाला. आपल्याकडे त्याला कोणी ‘लॉर्ड’ म्हणाले तर ते चूक. लॉर्ड होता त्याचा थोरला भाऊ.

या माउंटस्टुअर्ट एलफिन्स्टनच्या गव्हर्नरीत, १८२२ साली, कुलाब्याचे रघुजी आंग्रे आणि कंपनी सरकार यांच्यात तह झाला. मधल्या काळात कुलाब्याच्या घरात अज्ञान वारस, कारभाऱ्यांची भांडणे आणि शिंद्यांचा आप्त बाबूराव आंग्रे याने बळकावलेली गादी, असे सारे होऊन गेले होते. तहाने रघुजींची गादी कायम राहिली. पण त्यात एक कलम असे होते की, सार्वभौम सत्ता कंपनीची, आणि गादी रिकामी झाली तर नव्या धन्याला वस्त्रे देण्याचा हक्कही कंपनीचा. वाचायला किती साधे! पूर्वी ही वस्त्रे साताऱ्याहून येत, पुढे पुण्याहून आली. आता मुंबईहून येणार, एवढाच फरक, असे तेव्हा कोणालाही वाटले असते.

१८३८ च्या डिसेंबरात रघुजी वारले. मागे पुरुष संतान नव्हते, पण राणी गरोदर होती. पुढच्या महिन्यात मुलगा झाला. सगळ्या कुलाब्याची आशा त्या पाळण्यात. नाव ठेवले कान्होजी. मूळ पुरुषाचेच नाव. दुसरे कोणते ठेवणार? पण पोर जगले नाही. १८४० साली तेही गेले. राण्यांनी दत्तक घेण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली. कुलाबा संस्थान खालसा झाले. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ समुद्रावर ज्या घराचा दरारा होता, त्या घराचा निकाल एका सरकारी नकाराने लागला.

इथे क्षणभर थांबून दत्तक म्हणजे काय ते आठवू. आपल्याकडे मुलगा लागतो तो नुसता इस्टेट सांभाळायला नव्हे; पिंडाला लागतो. म्हणून शास्त्राने सोय केली. भाऊबंदांतला मुलगा मांडीवर घ्यावा, होम करावा, आणि त्या क्षणापासून त्याचे जन्माचे गोत्र सुटते, नवे लागते. तो ‘मुलासारखा’ नव्हे, मुलगाच. एका दिव्यावर दुसरा दिवा लावावा, तसे हे आहे. ज्योत कोणत्या घरातून आणली हे उजेडाला ठाऊक नसते.

स्कॉटलंडात याच्या उलट. तिथे दत्तकाला खानदानी किताब मिळत नाही. आजही मिळत नाही. मग मुलगा नसेल तर किताब बुडतो का? मुळीच नाही. किताबाची मूळ सनद काढून पाहायची. तिच्यात जशी वाट लिहिली असेल तसे चालायचे. बहुधा वाट पुरुष वारसाची. मुलगा नाही तर भाऊ, भाऊ नाही तर चुलता, चुलता नाही तर चुलतभाऊ. वंशवृक्षावर मागे मागे चढत जायचे आणि दुसऱ्या फांदीने खाली उतरायचे. ज्याला मेलेल्या लॉर्डने उभ्या जन्मात पाहिले नाही, असा दूरचा भाऊबंद किताबाचा धनी होऊ शकतो. काही जुन्या स्कॉच घराण्यांत मुलीलाही वारसा जातो. सदरलंडचा अर्ल १७६६ साली वारला तेव्हा मागे वर्षाची मुलगी एलिझाबेथ. भाऊबंदांनी दावा लावला. १७७१ साली लॉर्डांच्या सभेने निकाल दिला की, किताब मुलीचाच.

दोन्ही रीती एकाच भीतीतून निघालेल्या आहेत. घर बुडू नये, दारावरची पाटी उतरू नये. आपण मुलगा निवडून आणतो, ते मुलगा शोधून काढतो. आपल्याला त्यांचा अनोळखी चुलतभाऊ परका वाटेल. त्यांना आपला मांडीवरचा मुलगा परका वाटला. नुसता वाटला असता तर हरकत नव्हती. पण न्यायाच्या खुर्चीवर तेच बसलेले, आणि निकालाबरोबर मुलखाचा वसूलही त्यांनाच मिळणार!

कुलाब्याच्या प्रकरणावरून लंडनच्या संचालकांनी १८४१ साली धोरणच ठरवून टाकले की, न्याय्य रीतीने चालून येणारा मुलूख किंवा वसूल सोडू नये. ‘संस्थाने खालसा’ म्हटले की आपल्या तोंडी डलहौसीचे नाव येते. पण कुलाबा गेला तेव्हा डलहौसी हिंदुस्थानात आलाही नव्हता. तो आपल्या गावी होता, आणि नुकताच वडिलांचा किताब मिळून अर्ल झाला होता. त्याने पाया खणला नाही. तयार पायावर इमले चढवले.

आता या डलहौसीचे घर पाहा. रॅमझे हे त्याचे आडनाव. एडिंबरोजवळ डलहौसी नावाची जुनी गढी, तिच्यावरून किताब. १६१८ साली घराण्याला लॉर्ड रॅमझे हा किताब मिळाला, १६३३ साली अर्ल ऑफ डलहौसी. नववा अर्ल हिंदुस्थानात सरसेनापती होऊन गेला होता. त्याचा तिसरा मुलगा जेम्स हा आपला डलहौसी. थोरले दोन्ही भाऊ आधीच वारल्यामुळे १८३८ साली तो दहावा अर्ल झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात इकडे रघुजी आंग्रे वारले. एकाच वर्षी एका घरात किताब उतरला आणि दुसऱ्या घरात उतरायचा थांबला!

१८४८ च्या जानेवारीत डलहौसी गव्हर्नर जनरल म्हणून आला, आणि एप्रिलात साताऱ्याचे अप्पासाहेब महाराज वारले. मरण्यापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. डलहौसीचा विचार असा की, दत्तकाने खाजगी मालमत्ता खुशाल घ्यावी, उत्तरकार्य करावे. पण राज्य मात्र सार्वभौम सत्तेच्या संमतीवाचून मिळायचे नाही. शिवछत्रपतींच्या वंशाची गादी अशी गेली. साताऱ्याचे वकील रंगो बापूजी सुमारे चौदा वर्षे लंडनला अर्ज-विनंत्या करीत राहिले; रिकाम्या हाताने परतले. १८५३ च्या नोव्हेंबरात झाशीचे गंगाधरराव नेवाळकर आदल्या दिवशी दत्तक घेऊन वारले. डिसेंबरात नागपूरचे रघूजी भोसले वारले. १८५४ साली दोन्ही राज्ये खालसा. नेवाळकर मूळचे आपल्या कोकणातले, हे पनवेलकराला सांगायला नको.

न्यायाने बोलायचे तर त्याच डलहौसीच्या अमदानीत आगगाडी आली, तारायंत्र आले, अर्ध्या आण्याचे टपाल आले. आमच्या पनवेलला नगरपालिका मिळाली तीही १८५२ साली, त्याच्याच काळात. माणूस कष्टाळू होता, हिशेबाचा पक्का होता. पण हिशेबाचा पक्का माणूस दुसऱ्याच्या घरचा देव्हाराही मोजायला निघाला, की मग पंचाईत होते.

आणि आता दैवाची गंमत ऐका. डलहौसीला मुलगा नव्हता. दोन मुलीच. पंजाब घेतल्याबद्दल राणीने १८४९ साली त्याला मार्क्विस केले होते. हा अर्लाच्या वरचा मान. १८६० च्या डिसेंबरात तो आपल्या गढीत वारला. मार्क्विसचा किताब नवा, त्याच्या स्वतःच्या पुरुष वारसापुरता दिलेला. तो तिथेच संपला. ज्याने सातारा, झाशी, नागपूर ‘वारस नाही’ म्हणून घेतले, त्याचा स्वतःचा सर्वांत मोठा किताब वारस नाही म्हणून सरकारजमा झाला! आपल्याकडच्या कीर्तनकाराला आख्यान रंगवायला एवढे पुरेसे आहे.

पण कीर्तन इथे संपवले तर ते अपुरे राहील. खरी गोष्ट पुढेच आहे. मार्क्विस गेला तरी जुना स्कॉच अर्लचा किताब गेला नाही. तो वंशवृक्षावर एक पायरी मागे गेला आणि चुलतभाऊ फॉक्स मॉल याच्याकडे उतरला. फॉक्स मॉलच्या बापाने तर रॅमझे हे आडनावही टाकून मॉल हे घेतले होते! मुलाने वारसा मिळताच रॅमझे हे नाव पुन्हा जोडले, आणि तो अकरावा अर्ल झाला. त्यालाही मूल नाही. १८७४ साली तो वारला. पुन्हा पायरी मागे, पुन्हा दुसरी फांदी. बारावा अर्ल झाला आणखी एक चुलतभाऊ, जॉर्ज रॅमझे. हा कोण? आरमारातला अ‍ॅडमिरल. म्हणजे मराठीत सांगायचे तर सरखेल! चौदा वर्षांत दोनदा डलहौसीच्या घरातला दिवा विझला, आणि दोन्ही वेळा तो शेजारच्या ज्योतीवर पुन्हा लावला गेला. कोणी नकाराचा कागद धाडला नाही. ते अर्लपद आजही चालू आहे.

हे एकट्या डलहौसीचेच नाही. आमच्या पनवेलच्या अंगणातून जो माथेरानचा डोंगर दिसतो, तो ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याने १८५० साली पुढे आणला आणि मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एलफिन्स्टन याने वसवायला हात दिला. हा तेरावा लॉर्ड. कुलाब्याच्या तहाच्या वेळच्या माउंटस्टुअर्टचा सख्खा पुतण्या. तो अविवाहित. तोही १८६० सालीच वारला. वर्षभरापूर्वी मिळालेला नवा किताब त्याच्याबरोबर गेला, पण १५१० चा स्कॉच किताब चुलतभावाकडे चालला. तो चुलतभाऊही १८६१ साली गेला. किताब निमूटपणे आणखी एका चुलत घरात जाऊन बसला.

कोणी चाणाक्ष वाचक विचारील, “अहो, ही तुलना कशी बसते? तिकडे नुसता मान, इकडे राज्य. चुलतभावाला मान देणे वेगळे आणि रयत देणे वेगळे.” प्रश्न रास्त आहे. स्कॉटलंडातल्या सरदारांनाही एके काळी रयतेवर न्यायनिवाड्याचा वंशपरंपरागत अधिकार होता. १७४५ च्या बंडानंतर, १७४७ साली, पार्लमेंटाने तो कायद्याने काढून घेतला. पण कसा काढला? ज्यांचा कायदेशीर हक्क ठरला त्यांना भरपाई मोजून; आणि कायदा सरसकट, कोणाला मुलगा आहे की नाही हे न विचारता. याचा अर्थ असा की, राज्य एका घराच्या मिरासीने चालू नये हे तत्त्व त्यांना कळत नव्हते असे नाही. तेच तत्त्व इकडे उघडपणे आणले असते, तर त्याशी वाद घालता आला असता. इकडे मात्र पाळणा रिकामा होण्याची वाट पाहिली गेली. कायद्यापुढे माणूस मान तुकवतो. टपून बसलेल्याची चीड येते. सत्तावन्नच्या वणव्यात हीही एक ठिणगी होती.

त्या वणव्यानंतर सरकारला शहाणपण आले. १८५८ साली राणीचा जाहीरनामा निघाला, आणि १८६२ साली लॉर्ड कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. बावीस वर्षांपूर्वी कुलाब्याच्या राण्यांनी जे मागितले होते, तेच आता सरकार आपण होऊन देऊ लागले. त्याचे फळ काय मिळाले ते पाहा. १८७५ साली बडोद्याच्या जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ नावाचा एक मुलगा दत्तक घेतला. ते सयाजीराव महाराज. १९०६ साली सगळ्या राज्यात शिक्षण सक्तीचे केले ते त्यांनी. आंबेडकरांना १९१३ साली अमेरिकेला शिकायला जाण्यासाठी शिष्यवृत्ती दिली तीही त्यांनी. १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव दत्तक गेला. ते शाहू महाराज. १९०२ साली मागासलेल्यांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवणारे. महाराष्ट्र ज्या दोन राजांची नावे आजही आदराने घेतो, ते दोघेही मांडीवर घेतलेले! १८४० चा नियम तसाच चालू राहिला असता, तर हे दोन दिवे लागलेच नसते.

कुलाब्याच्या गादीवर दत्तक बसला असता तर तो सयाजीराव निघाला असता, असे मी म्हणत नाही. कदाचित शिकार आणि नाचरंग यांतच दिवस घालवता. पण ते पाहण्याची संधी अलिबागच्या रयतेला कोणी दिली नाही. आणि त्या राण्यांचे काय? नवरा गेला, तान्हे गेले, आणि घर पुढे चालवण्याची जी एकच वाट शास्त्राने दाखवली होती तिच्यावर सरकारने दोर बांधला. इतिहासाच्या पुस्तकात हे एका ओळीत आटोपते. पण ज्या घरात असे घडले त्या घरातली पहिली दिवाळी कशी गेली असेल?

आता आपल्याकडे किताब उरले नाहीत. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने ते बंद केले, वतने पुढच्या कायद्यांनी गेली, आणि १९७१ साली संस्थानिकांचे तनखे आणि मानही गेले. हे सरसकट झाले, आपण निवडून दिलेल्या माणसांनी केले, आणि चांगले झाले. तिकडे विलायतेतही १९९९ साली लॉर्डांच्या सभेतून बहुतेक वंशपरंपरागत लॉर्डांची खुर्ची काढली गेली. आता डलहौसीचा अर्ल काय आणि आमच्या आळीतले देशमुख काय, दोघांजवळ उरली आहे ती पाटी. तेव्हा पाटीसाठी भांडू नये; पण ती कोणी कशी उतरवली हे मात्र विसरू नये.

वारसा म्हणजे काय, हे पाडव्याला आपण दरवर्षी स्वतःलाच सांगतो. बळीराजाचे राज्य तीन पावलांत गेले. त्याचा किताब कोणी पुढे चालवला नाही, त्याच्या गादीवर दत्तक बसला नाही. तरीही आयाबहिणी ओवाळताना ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असेच म्हणतात. कान्होजींचेही तसेच. सरखेली १७३५ साली फाटली, १७५६ साली जळाली, १८४० साली खालसा झाली. पण अलिबागला कोणत्याही कोळ्याला विचारा, तो कान्होजींच्या समाधीची वाट दाखवील. स्वतंत्र भारताच्या नौदलाने मुंबईतल्या आपल्या तळाला ‘आंग्रे’ हे नाव दिले. ज्या समुद्रावरून ही सारी भांडणे झाली, त्या समुद्राने आपल्या जुन्या धन्याचे नाव असे दत्तक घेतले, आणि या वेळी परवानगी कोणाकडे मागावी लागली नाही.

सर्व वाचकांना ही दीपावली सुखाची जावो.